योजकाचे अंतिम प्रयोजन

गेल्या उन्हाळ्यात, दहावीचा निकाल लागून आठच दिवस झाले असता, दौंड तालुक्यातील एक पालक आपल्या मुलीचा दाखला नेण्यासाठी तिला घेऊन आमच्याकडे आले. आमच्या शाळेत भीमेच्या दोन्ही अंगांची, म्हणजे शिरूर आणि दौंड अशा दोन्ही तालुक्यांची मुले येतात. त्यांपैकी बहुतेकांचे आईबाप एक तर शेतकरी, नाही तर रांजणगावच्या वा कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला जाणारे. हे गृहस्थ शेतकरी. त्यांची जमीन मुठेच्या उजव्या कालव्यावरील एका चारीवर, आणि तीही चारीच्या अगदी शेवटास. दाखला हाती पडला तरी ते उठेनात. अखेरीस म्हणाले, "गुरुजी, ही म्हणते, बारावी झाली की मला डिझायनर व्हायचंय. कापडावर फुलं काढायला चार वर्षं अन् एवढा पैसा? तुम्हीच समजवा हिला."

मुलगी खाली मान घालून उभी होती. परंतु तिच्या हातात घडी केलेला एक कागद होता, आणि तो तिने घट्ट धरून ठेवला होता.

आम्हांस त्या वेळी समर्पक असे उत्तर सुचले नाही. "पुढच्या आठवड्यात या," असे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली. मधल्या आठवड्यात जो विचार केला तो येथे मांडीत आहोत. कारण हा प्रश्न काही एकाच घरातला नव्हे. अलीकडे दरवर्षी दोनचार तरी मुले हा शब्द उच्चारतात, आणि दरवर्षी दोनचार तरी वडील कपाळास आठ्या घालतात.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'डिझायनर' या शब्दाला आपल्याकडे शिंप्याच्या दुकानाचा आणि लग्नातील भारी लुगड्यांचा वास लागला आहे, त्यामुळे तो ऐकताच मनुष्याला नक्षी आठवते. वास्तविक कोणतीही वस्तू, मग ती लोटा असो, पूल असो की गावाची पाणीवाटणी असो, हाताने घडविण्यापूर्वी मनात घडवावी लागते. ती कोणासाठी, कशाची, केवढी, कोणत्या क्रमाने, हे आधी ठरवावे लागते. हे ठरविणारा तो डिझायनर. आपल्या भाषेत त्याला 'योजक' असा सुंदर शब्द आहे, आणि या लेखात आम्ही तोच वापरणार आहोत. हा शब्द संस्कृतातील 'युज्' म्हणजे जोडणे या धातूपासून आला. मौजेची गोष्ट अशी की, बैलांच्या खांद्यावर जे 'जू' ठेवतात तो शब्दही याच धातूचा वंशज आहे. संस्कृतात 'युग' या शब्दाचा एक अर्थ जू असाच आहे, आणि तोच शब्द प्राकृतातून झिजत झिजत आपल्यापर्यंत 'जू' होऊन पोचला. इंग्रजांचा 'योक' हाही त्याच कुळातला. तेव्हा योजक आणि जू ही भावंडे होत. हे नाते केवळ व्याकरणाचे नाही, असे आम्हांस वाटते.

जू म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळांनी ते जवळून पाहिले नसेल. ते एक आडवे लाकूड असते, त्यात शिवळा घातलेल्या असतात, आणि त्याचा सारा भार बैलाच्या खांद्यावर येतो. लाकूड नीट तासलेले नसेल, किंवा बैलाच्या मानाने ते भारी असेल, तर दोन दिवसांत खांदा सुजतो आणि चार दिवसांत सोलवटतो. मग बैल उभाच राहतो. त्याला मारून काय होणार? जू वाहणारा एक आणि हाकणारा दुसरा. हाकणाऱ्याच्या हाताला ते कितीही गुळगुळीत लागले, तरी त्याचा बरेवाईटपणा ठरतो तो वाहणाऱ्याच्या खांद्यावर.

दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे की, आपले प्रभू येशू ख्रिस्त मनुष्यांमध्ये असताना सुतारकाम करीत आणि नांगर व जू तयार करीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभूने आपल्या जुवाविषयी जे उद्गार काढले आहेत, ते वाचताना आम्हांस नेहमी वाटते की, हे शब्द ज्याने स्वतः लाकूड तासले आहे, आणि दारात आलेल्या बैलाच्या खांद्यावरून हात फिरवून पाहिला आहे, त्याचेच असू शकतात. तेथे मूळ ग्रीकात जुवाला जे विशेषण लावले आहे त्यात 'चांगले' आणि 'सोयीचे' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. योजकाच्या दृष्टीनेही त्या दोन अर्थांत अंतर असू नये.

आता कोणी म्हणेल, मग सौंदर्याचे काय? कापडावर फुले काढणे हे हलके काम आहे काय? मुळीच नाही. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या कामासाठी बसालेल आणि अहलियाब या दोघांची नावे आली आहेत, आणि त्यांतला अहलियाब तर भरतकाम करणाराच होता. मुख्य याजकाच्या झग्याच्या घेरास भरतकामाची डाळिंबे आणि त्यांच्यामध्ये सोन्याची घुंगरे लावावीत अशी तेथे योजना आहे. डाळिंबे शोभेची, पण घुंगरे अशासाठी की, याजक पवित्रस्थानात जाईल आणि बाहेर येईल तेव्हा त्याचा नाद ऐकू यावा. शोभा आणि उपयोग एकाच दोऱ्यात ओवलेले होते. तेव्हा आमचे भांडण फुलांशी नाही. ती कोणासाठी काढली, हा प्रश्न न विचारताच जो काढीत सुटतो, त्याच्याशी आहे.

आमच्या लहानपणी गावोगाव बलुतेदारीचे अवशेष होते. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, आणि तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट होती. गावच्या सुताराला गावातला प्रत्येक बैल माहीत असे. त्याने केलेले जू टोचले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मालक त्याच्या दारात उभा. करणारा आणि वापरणारा यांच्यात एका गल्लीचे अंतर होते. आज हे अंतर शेकडो कोसांचे झाले आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्या वस्तू तयार होतात त्यांपैकी कितींचे आराखडे दूरच्या शहरांत, किंबहुना परदेशांत, काढलेले असतात! आराखडा काढणाऱ्याने ती वस्तू वापरणारी बाई कधी पाहिलेली नसते, आणि त्या बाईलाही गाऱ्हाणे घेऊन कोणाच्या दारात उभे राहावे हे ठाऊक नसते. म्हणून हे अंतर आपण होऊन चालून जाणे, हेच आजच्या योजकाचे खरे काम होऊन बसले आहे.

ज्यांनी हे अंतर चालून पाहिले, असे एक गृहस्थ महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नसे, आणि चित्रकार होण्याची आशा सोडून द्यावी लागली. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या मुलाला रंग दिसत नाहीत त्याने चित्रकलेच्या शाळेत काय करावे? लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाकडे वळले. तेथे रंगांची गरज नव्हती. रेघ अचूक हवी होती. पुढे त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत हाच विषय शिकविला. मग बेळगावी आपले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लोखंडी नांगर केला.

नांगर उत्तम होता. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. हा ती उलथी करी, आणि हरळी व कुंदा यांची खोल गेलेली मुळे वर काढी. पण तो खपेना. दोन वर्षे नांगर पडून राहिले. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष उतरेल.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा हसतात, आणि अडाणी शेतकऱ्यांवर विज्ञानाने मिळविलेला विजय असा तिचा शेवट करतात. आम्हांस ते हसणे पटत नाही. ज्याच्यापाशी वर्षाचा एकच हंगाम आहे, आणि तो बुडाला तर सावकाराच्या दारात उभे राहण्यावाचून ज्याला गती नाही, त्याने नव्या वस्तूला भिऊ नये तर काय करावे? कारखानदाराचा नांगर फसला, तर त्याचा एक नांगर फसतो. शेतकऱ्याचा फसला, तर त्याचे घर फसते. योजकाला हा जमाखर्च मांडता आला पाहिजे. ग्राहकाची भीती हा त्याच्या मार्गातला अडथळा नव्हे; नांगराचे वजन आणि फाळाची धार जितकी विचारात घ्यावयाची, तितकीच ती भीतीही घ्यावयाची. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पहिले नांगर शेतात गेले, जमीन नासली नाही, आणि एकाचे पाहून दुसऱ्याने घेतला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, तोवर त्यांची कीर्ती पसरू लागली होती. कलाशाळा सोडून आलेल्या त्या विद्यार्थ्याची रेघ अशा रीतीने हजारो एकर काळ्या जमिनीवर उमटली.

मात्र आमच्या पालकगृहस्थांस नांगराची गोष्ट सांगून भागणारे नव्हते. त्यांची गोष्ट पाण्याची. म्हणून आम्ही पाण्याकडे वळतो.

दौंडाकडे येणारे मुठेचे पाणी खडकवासल्याहून येते. तेथील जुने धरण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधले गेले, आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी पुणे शहरातून निघून पाटसच्या बाजूस आले. या धरणाच्या सांडव्यावर १९०३ साली आपोआप उघडणारी दारे बसविण्यात आली. तळे ठरावीक पातळीच्या वर चढले की पाण्याच्याच जोराने दारे उघडत, आणि ते उतरले की मिटत. भिंत न उंचावता साठा वाढला. ही युक्ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. ते म्हैसूर प्रांतातले खरे, परंतु अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी पुण्यातच घेतले होते. या दारांविषयी पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ वाचावयास मिळते. आमच्या मते त्यांची दुसरी एक योजना याहून मोलाची आहे, आणि तिच्यात लोखंडाचा एक खिळाही नव्हता.

दौंडाच्या दक्षिणेस नीरेच्या कालव्यावर त्या काळी असे होई की, मुखाजवळचे बागायतदार मन मानेल तसे पाणी उसाला घेत. त्यांच्या जमिनी पाण्याने तुंबत, काही खारावत. गावात हिवताप येई. आणि शेपटाकडच्या गावांना कोरड्या पाटाकडे पाहत बसावे लागे. एकाच पाण्याने एका टोकाला रोग आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ! विश्वेश्वरय्यांनी गावोगाव जमिनीचे गट पाडून, उसाला त्यातला ठरावीक हिस्सा आणि बाकीत इतर पिके, अशी बांधलेली पाणीवाटणी सुचविली. हीच 'ब्लॉक पद्धत'. तेच पाणी अधिक गावांत फिरावे आणि मुखाजवळची जमीन वाचावी, हा तिचा हेतू. विरोध झाला, आणि तो होणारच होता. ज्याच्या दारात पाट आहे त्याला वाटणी कशाला आवडेल? समजूत घालावी लागली. पण पाहा, या योजनेचा आरंभ कोठून झाला! धरणाच्या भिंतीपासून नव्हे. पाट जेथे संपतो तेथे उभा असलेला मनुष्य आधी पाहिला, आणि तेथून उलट चालत योजक मुखापर्यंत आला.

ते दुखणे अजून सरलेले नाही, हे आमच्या पालकांइतके कोणास ठाऊक असणार? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याची भिंतही गेली, पुण्यात हाहाकार झाला. पुढे धरण पुन्हा उभे राहिले आणि मुठेचा नवा उजवा कालवा दौंड-इंदापूरकडे आला. त्याच पाण्यावर आज पुणे शहराचीही तहान आहे. आवर्तन सुटले तरी शेवटच्या चारीला पाणी पोचेपर्यंत रात्र सरते, आणि दारे धरावयास गेलेला मनुष्य पहाटे कोरड्या हातांनी परत येतो. भिंती पुष्कळ बांधून झाल्या. शेवटच्या चारीपासून विचार करणारी माणसे मात्र अजून हवी आहेत, आणि ती शेवटच्या चारीवरच्या घरांतून आली तर अधिक बरे, असे आमचे मत आहे.

यावर कोणी विचारील, अशा कामात नाव होते काय? पुष्कळदा होत नाही. आपल्या घोड आणि भीमा नद्यांवर जे कोल्हापुरी बंधारे आहेत ते पाहा. दगडी खांब, त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा. पावसाळा सरताना त्या जागांत बर्गे बसवावयाचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून घ्यावयाचे, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो आणि मागचे पाणी तेवढे अडते. किती सोपी, किती शहाणी योजना! तिला गावाचे नाव आहे. ती प्रथम कोणाच्या मनात आली हे बंधाऱ्यावरून जाणाऱ्या शंभरांपैकी एकही सांगू शकणार नाही. तीच गोष्ट अक्षरांची. १८३० च्या दशकात मुंबईस अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली जीवन वल्लभ नावाच्या कारागिराने देवनागरी अक्षरांचे पोलादी ठसे कोरले. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. एका लिपीसाठी शेकडो तुकडे. त्याच छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचा गरीब मुलगा खिळे घासावयास लागला. त्याने १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. जावजींचे नाव राहिले, जीवन वल्लभाचे बहुतेक विसरले गेले. पण अक्षर चांगले असले म्हणजे वाचणारा अक्षराकडे पाहतच नाही, तो मजकूर वाचतो. कोरणाऱ्याला हवे होते तेही तेवढेच.

उलट प्रकारचीही योजकता आहे, आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. दोन वर्षांत मोडावी अशाच बेताने केलेली वस्तू असते. मुलाची नजर हलू नये, एक चित्र संपताच दुसरे आपोआप पुढे यावे, अशा हिशेबाने रचलेले मोबाइलमधील खेळ असतात. ते रचणारे अत्यंत बुद्धिमान आहेत; त्यांची विद्या कमी नाही. मात्र त्यांचे जू हाकणाऱ्याच्या हाताच्या मापाने तासलेले आहे. खांदा कोणाचा, हे आमच्या पालकांनी रात्री आपल्या घरातच पाहावे.

शिक्षणाची सोय म्हणाल, तर अहमदाबादेस राष्ट्रीय संस्था १९६१ साली निघाली, आणि पवईच्या आय. आय. टी. मध्ये या विषयाचे स्वतंत्र केंद्र १९६९ साली निघाले. आता इतरही पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांतल्या सर्वच चांगल्या नाहीत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी चौकशी करावी. पोटाचा प्रश्नही लपविण्यात अर्थ नाही. या धंद्यात मिळकत आहे, तशी अनिश्चितताही आहे, आणि घरच्या परिस्थितीचा विचार न करता मुलाच्या हट्टाला मान द्यावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ आले. आम्ही नांगर, नीरा आणि जू हे सारे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग आम्ही मुलीला म्हणालो, "त्या दिवशी तुझ्या हातात कागद होता. तो आणला आहेस का?"

तिने तो टेबलावर उलगडला, आणि शरमेने मान खाली घालण्याची पाळी आमची आली. त्यावर शाळेच्या पाण्याच्या जागेचे चित्र होते. ती जागा तीन वर्षांपूर्वी आम्हीच उभे राहून बांधून घेतली होती. पांढऱ्या फरशा, सहा तोट्या, समोर एक पायरी. पाहुणे आले की आम्ही त्यांना ती अभिमानाने दाखवीत असू. मुलीने गणिताच्या वर्गातील लाकडी पट्टी घेऊन पाचवीच्या चाळीस मुलांच्या कोपरांची उंची मोजली होती. त्यांतल्या बहुतेकांना तोटी गाठण्यासाठी विटेवर चढावे लागत होते. कुबडी घेऊन येणारा एक मुलगा पायरीमुळे तेथे जातच नव्हता. मित्राकडून बाटली भरून आणवीत होता. आम्ही त्या जागेवरून रोज चार वेळा जात होतो. विटा पाहिल्या होत्या. त्या तेथे का आहेत, असे कधी मनात आले नव्हते. तिच्या चित्रात तीन तोट्या खाली आणल्या होत्या, आणि एका बाजूची पायरी काढून तेथे उतार दाखविला होता. फुले कोठेही नव्हती.

वडिलांनी चष्मा लावला. बराच वेळ कागद पाहिला. मग तोट्यांच्या खाली बोट ठेवून म्हणाले, "हे सांडलेलं पाणी कुठं जातं गं?"

तिने ते दाखविले नव्हते. ते कोठे जाते, हे आम्हांसही सांगता येईना. तिने टेबलावरची पेन्सिल उचलली. "वर्गामागं लिंब आहे," ती म्हणाली. "उतार तिकडंच हाये का पण?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता दोघेही उठून बाहेर पाहावयास गेले.

दिवाळीच्या सुट्टीत तीन तोट्या खाली आणल्या. उतार बांधताना गवंड्याने कुरकुर केली, पण बांधला. सांडपाणी आता लिंबाच्या आळ्यात जाते. उतार तिकडे नव्हता, म्हणून आठ हात नाली खणावी लागली.